एक नाव, दोन माणसे : घराण्यातील समान नावांच्या पुढाऱ्यांच्या नोंदी कशा वेगळ्या कराव्यात

विदर्भातील एखाद्या तालुक्याचा राजकीय इतिहास लिहू पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती कागद न मिळण्याची. कागद मिळू लागले की दुसरी अडचण उभी राहते आणि ती अधिक अवघड असते. एकच नाव फार वर्षे पुरत राहते. स्वातंत्र्यापूर्वीच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या कागदात ते नाव दिसते, १९५२ च्या उमेदवारांच्या यादीत दिसते, खरेदी-विक्री संघाच्या अहवालात दिसते, आणि १९८० नंतर बांधलेल्या शाळेच्या कोनशिलेवरही तेच नाव कोरलेले असते. एवढा दीर्घ सार्वजनिक काळ एका माणसाला लाभणे अशक्य नाही, पण दुर्मीळ आहे. बहुतेक वेळा त्या नावामागे आजोबा आणि नातू असतात, कधी चुलते-पुतणे असतात, आणि गावातील सर्वांना ते ठाऊक असल्यामुळे कागदावर तसे लिहून ठेवण्याची गरज कोणालाच वाटलेली नसते.

गडचिरोली जिल्ह्यातील अहेरीचे उदाहरण पाहावे. स्वातंत्र्यपूर्व मध्यप्रांत-वऱ्हाडच्या राजकारणात अहेरीच्या जमीनदार घराण्यातील धर्मराव भुजंगराव हे नाव येते. त्याच घराण्यातील धर्मरावबाबा भगवंतराव आत्राम हे २०१९ आणि २०२४ मध्ये अहेरी मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. मराठीत दोन्ही नावे पूर्ण लिहिली तर गोंधळाचे कारण नाही, कारण मधले नाव वेगळे आहे. पण इंग्रजी कागदात फक्त आद्याक्षरे ठेवली, की भुजंगराव आणि भगवंतराव या दोहोंचा ‘बी’ होतो आणि दोन्ही माणसे ‘डी. बी.’ ठरतात. येथे मधे मोठा काळ गेला आहे आणि घराणे प्रसिद्ध आहे, त्यामुळे कोणी सहसा फसणार नाही. हाच प्रकार पंचवीस-तीस वर्षांच्या अंतराने, जिल्ह्याबाहेर कोणाला माहीत नसलेल्या घरात घडला, तर दोन आयुष्ये एका परिच्छेदात मिसळून जातात आणि पुढे तो परिच्छेदच स्मरणिकेतून स्मरणिकेत उतरवला जातो.

अहेरीचीच आणखी एक बाजू आहे. २००९ मध्ये तेथून दीपक आत्राम, २०१४ मध्ये अंबरीशराव आत्राम आणि त्यानंतर दोनदा धर्मरावबाबा आत्राम निवडून आले. अंबरीशराव आणि धर्मरावबाबा हे राजघराण्यातील पुतणे-काका आहेत. दीपक आत्राम यांचे आडनाव तेच असले तरी तेवढ्यावरून त्यांना त्या घराण्यात बसवता येत नाही. मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे आणि आत्राम हे गोंड समाजातील सर्वदूर आढळणारे आडनाव आहे. आडनाव आणि मतदारसंघ जुळले म्हणजे नाते जुळले, हे गृहीतक येथे पहिल्याच पायरीवर कोसळते.

नावे अशी परत का येतात, याचे उत्तर आपल्या नामकरणाच्या रीतीत आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि मराठी नावात मधे वडिलांचे नाव येते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते पाहण्यासाठी एक काल्पनिक घर घेऊ. आजोबांचे नाव गणपत, त्यांच्या वडिलांचे नारायण. गणपतने आपल्या मुलाला वडिलांचे नाव दिले, तो झाला नारायण गणपत. या नारायणाने आपल्या मुलाला वडिलांचे नाव दिले, तो झाला गणपत नारायण. म्हणजे आजोबाही गणपत नारायण आणि नातूही गणपत नारायण. आडनाव एक, गाव एक, घर तेच आणि सातबारावरचे शेतही तेच. मधले नाव वडील-मुलाला वेगळे करते, पण आजोबा-नातवाच्या बाबतीत तेच नाव दोघांना अधिक घट्ट बांधते. संपूर्ण नाव जुळले म्हणून माणूस एकच, असे म्हणणारा येथे हमखास चुकतो.

घरातल्यांना मात्र ही अडचण कधी पडली नाही, कारण त्यांनी ते नाव उच्चारलेच नाही. सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, त्यामुळे सासऱ्याचेच नाव ठेवलेल्या मुलाला आई बापू, भाऊ, नाना, बाबा किंवा बाळ म्हणे. हीच हाक पुढे गावाने उचलली आणि तो मुलगा राजकारणात शिरल्यावर तिला ‘साहेब’ किंवा ‘जी’ जोडले गेले. दोन गणपत नारायण गावात असतात तेव्हा एक आबाजी असतात आणि दुसरे भाऊसाहेब. कागदावर एक असलेली माणसे हाकेत दोन असतात, म्हणून जुन्या माणसांशी बोलताना पहिला प्रश्न कागदावरच्या नावाचा नसावा, लोक काय म्हणत याचा असावा.

या हाकांवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. विदर्भाच्या सार्वजनिक जीवनात ‘दादासाहेब’ म्हटले की अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे आठवतात, चंद्रपूरकडचे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार आठवतात आणि पुन्हा अमरावती जिल्ह्यातीलच रामकृष्ण सूर्यभान गवई आठवतात. खापर्डे १९३८ मध्ये वारले, तेव्हा गवई लहान होते. वर्तमानपत्राच्या कात्रणात ‘अमरावतीचे दादासाहेब’ एवढेच शब्द असतील, तर कात्रणाची तारीख पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. दुसऱ्या बाजूला असेही होते की हाक हेच अधिकृत नाव बनते. अचलपूरचे ओमप्रकाश बाबाराव कडू हे बच्चू कडू या नावानेच सर्वत्र ओळखले जातात, आणि पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकाला ही दोन नावे एका माणसाची आहेत हे सांगणारा कागद हाताशी असावा लागेल.

आडनावाची स्थिती याहून नाजूक आहे. वऱ्हाडात देशमुख, पाटील, देशपांडे ही वतनांची नावे होती आणि मूळ कुळाचे आडनाव त्यामागे वेगळे असे. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम होते. अशा घरातील एक भाऊ वतनाचे नाव लावतो, दुसरा कुळाचे लावतो, आणि एकाच माणसाची शाळेतील नोंद एका आडनावाने व निवडणुकीतील नोंद दुसऱ्या आडनावाने सापडते. त्यात ‘राव’ची भर पडते. शाळेच्या रजिस्टरात शाम असलेला मुलगा सोसायटीचा अध्यक्ष होईपर्यंत शामराव झालेला असतो. म्हणून ‘राव’, ‘जी’, ‘सिंग’, ‘बा’, ‘साहेब’ हे शेवटचे अंश तुलना करताना बाजूला काढून ठेवावेत, पण मूळ कागदात जसे आहेत तसे टिपणात जरूर उतरवून घ्यावेत, कारण ते कोणत्या काळात जोडले गेले हाही एक पुरावाच असतो.

विदर्भाच्या नोंदींचा प्रवास इतर महाराष्ट्रापेक्षा वेगळा आहे आणि तो माहीत नसेल तर अर्धा गुंता सुटतच नाही. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १९०३ पासून मध्यप्रांताला जोडले गेले. त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५२ ची पहिली विधानसभा निवडणूक विदर्भाने मध्य प्रदेशाचा भाग म्हणून लढवली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, त्यामुळे १९५७ चे आमदार मुंबई विधानसभेचे होते. १ मे १९६० नंतर, १९६२ च्या निवडणुकीत, ते महाराष्ट्र विधानसभेचे झाले. दहा वर्षांत तीन निवडणुका आणि तीन वेगळी राज्ये! वसंतराव नाईक १९५२ मध्ये पुसदमधून मध्य प्रदेश विधानसभेत गेले, नंतर मुंबई राज्यात मंत्री झाले आणि १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याविषयी कोणाचा गैरसमज होणार नाही. पण एकदाच निवडून आलेल्या, किंवा दोनदा पडलेल्या कार्यकर्त्याच्या नोंदी अशा तीन राज्यांच्या दप्तरांत विखुरल्या, तर तो एक माणूस तीन माणसांसारखा दिसू लागतो. माणसे मिसळणे ही जशी चूक आहे, तशीच एका माणसाचे तुकडे करणे हीसुद्धा चूक आहे.

पदांच्या नावांचेही असेच आहे. मध्यप्रांतात विधिमंडळाला दुसरे सभागृह नव्हते. १९३७ पूर्वीच्या नागपूरच्या कागदात एखाद्याच्या नावापुढे ‘एम.एल.सी.’ असेल, तर तो प्रांताच्या कायदे कौन्सिलचा सभासद होता, आणि तेच त्या काळचे एकमेव प्रांतिक सभागृह होते. मुंबई राज्यात आल्यानंतर ‘एम.एल.सी.’ म्हणजे विधानपरिषदेचा आमदार. आजोबा कौन्सिलमध्ये आणि नातू विधानपरिषदेत असेल, तर दोघांच्या नावापुढे तीच तीन अक्षरे येतात आणि चरित्र लिहिणारा सहजपणे ‘अनेक वर्षे विधानपरिषदेचे सदस्य’ असे वाक्य लिहून मोकळा होतो. ग्रामीण पातळीवर जनपद सभा, म्हणजे त्या काळची स्थानिक स्वराज्य संस्था, हा असाच खुणेचा दगड आहे. १९४८ च्या कायद्याने मध्यप्रांत-वऱ्हाडात जनपद सभा आल्या आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. ‘१९५५ साली जिल्हा परिषदेचे सभापती’ असे कोणाच्या परिचयात छापलेले दिसले, तर एक तर पद जनपद सभेचे आहे किंवा वर्ष दुसऱ्या पिढीचे आहे. दोहोंपैकी काय, ते कागद सांगेल.

गावांच्या आणि जिल्ह्यांच्या नावांनी पडणारा गोंधळ तुलनेने सोपा आहे. चांदा म्हणजे चंद्रपूर आणि एलिचपूर म्हणजे अचलपूर हे एकदा लिहून भिंतीवर लावले की झाले. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरपासून, वाशिम १९९८ मध्ये अकोल्यापासून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला. म्हणून ‘भंडारा जिल्हा’ आणि ‘गोंदिया जिल्हा’ असे दोन पत्ते दिसले तरी माणूस आपल्या ओसरीवरून हललेलाही नसेल. २००८ च्या पुनर्रचनेत विदर्भातील विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या, तेव्हा अनेक मतदारसंघांची नावे आणि सीमा बदलल्या, हेही ध्यानात असू द्यावे.

आता प्रत्यक्ष काम कसे करावे ते सांगतो. माझ्या मते या कामाचा एकच पाया आहे : नावाचे खाते उघडू नये, घटनेचे उघडावे. ‘गणपत नारायण’ असा मथळा करून त्याखाली मिळेल ते लिहीत गेलो की पहिल्याच दिवशी दोन माणसे मिसळतात आणि नंतर ती वेगळी करणे फार कष्टाचे होते. त्याऐवजी प्रत्येक घटना स्वतंत्र चिठ्ठीवर लिहावी. कागद कोणता, तारीख कोणती, गाव कोणते, नाव जसे लिहिले आहे तसे, पद कोणते, वय किंवा वडिलांचे नाव दिले असल्यास तेही. या टप्प्यावर ती घटना कोणाच्या आयुष्यातील आहे हे ठरवायचे नाही. सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्यावर प्रथम फक्त अशक्य गोष्टी शोधायच्या.

अशक्यता ओळखायला राज्यघटना आणि निवडणूक कायदा फार उपयोगी पडतात. विधानसभेच्या उमेदवाराला किमान २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि विधानपरिषदेच्या सदस्याला ३०. एकाच वेळी विधानसभा आणि विधानपरिषद या दोन्हींचा सदस्य कोणालाही राहता येत नाही. म्हणून एकाच नावाच्या दोन सदस्यत्वांचे काळ एकमेकांवर चढत असतील, तर माणसे निश्चितपणे दोन आहेत. याच्या उलट, एकाच निवडणुकीत दोन मतदारसंघांत तेच नाव दिसणे हा दोन माणसांचा पुरावा होत नाही. आजही एका उमेदवाराला दोन जागा लढवता येतात, आणि १९९६ पर्यंत दोनचीही मर्यादा नव्हती. सरपंच असताना आमदार होणे हेही अशक्य नाही.

अशक्यता संपल्यावर नात्याचा पुरावा शोधावा लागतो, आणि तो मुंबईच्या दप्तरात मिळत नाही. तो तलाठ्याकडे, तहसीलच्या अभिलेखागारात आणि गावच्या शाळेत असतो. विदर्भात जातीच्या दाखल्यासाठी धावपळ केलेल्या प्रत्येक घराला कोतवाल पंजी माहीत आहे. गावातील जन्म-मृत्यू कोतवालाच्या वहीत नोंदले जात आणि त्यात तारीख, गाव, बापाचे नाव व जात येई. या वह्या उघडल्या की एक गोष्ट लगेच लक्षात येते. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव पुष्कळदा नसते, कारण बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली असते. ‘नारायण गणपत यास मुलगा’ एवढेच लिहिलेले असते. त्या नारायणाला चार मुलगे असतील, तर ही नोंद कोणाची ते शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराशी ताडून पाहावे लागते. आणि शाळेच्या रजिस्टरात दुसरा धोका असतो. जन्मतारीख माहीत नसलेल्या मुलांना गुरुजींनी १ जुलै किंवा १ जून लावून दिलेली असते. दोन नोंदींत १ जुलै ही तारीख जुळली म्हणून ती एकाच माणसाची समजली, तर अर्धे गाव एका दिवशी जन्मलेले निघेल. जुनी पाने मोडीत असतील तर आणखी एक सावधगिरी घ्यावी : मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, त्यामुळे वाचून देणाऱ्याने लावलेले ऱ्हस्व-दीर्घ हे त्याचे असतात, कागदाचे नसतात.

सर्वांत भक्कम पुरावा मला फेरफार नोंदीत, म्हणजे जमिनीच्या खात्यावरील नाव बदलल्याच्या नोंदीत, दिसतो. गाव नमुना ६ मधील वारसाची नोंद साधारण अशी असते : खातेदार अमुक हे अमुक तारखेस मयत झाल्याने त्यांचे वारस म्हणून विधवा, मुलगे, मुली यांची नावे दाखल केली. एका परिच्छेदात मृत्यूची तारीख, पत्नी, मुले आणि मृत मुलाची मुले येतात, आणि हे सारे अशा कागदात, जो कोणाचा गौरव करण्यासाठी लिहिलेला नसतो. आपल्या काल्पनिक घराकडे परत जाऊ. समजा १९५८ च्या फेरफारात गणपत नारायण मयत झाल्याची नोंद आहे. त्यांचा मुलगा नारायण आधीच वारलेला आहे, म्हणून नातू गणपत नारायण वारस लागला आहे, आणि त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असे लिहिले आहे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात मुलगा १९५८ मध्ये अठराच्या आत होता आणि आई त्याच्या वतीने खाते पाहत होती. आता १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत त्याच गावचा गणपत नारायण उमेदवार आहे. सर्वसाधारण लेखक म्हणेल की आजोबा वारले होते, तेव्हा हा नातूच. पण १९५८ मध्ये अठराच्या आत असलेला मुलगा १९६२ मध्ये पंचविसाचा होऊच शकत नाही. म्हणजे उमेदवार आजोबाही नाही आणि नातूही नाही.

मग हा तिसरा कोण? उत्तर बहुधा चुलत घरात सापडते. पणजोबा नारायण यांना गणपत आणि विठ्ठल असे दोन मुलगे होते आणि दोघांनीही आपापल्या मुलाला वडिलांचे नाव दिले, तर घराण्यात दोन नारायण झाले. विठ्ठलच्या नारायणाने थोरल्याला वडिलांचे नाव दिले आणि धाकट्याला चुलत्याचे, की दुसरा गणपत नारायण जन्मला. त्या शाखेचा आठ-अ चा (खातेदाराच्या जमिनीचा) उतारा, त्या घराचा मतदार यादीतील क्रमांक आणि शाळेची नोंद काढली की १९६२ चा उमेदवार त्याच्या घरी पोहोचतो. दोनच माणसे आहेत हे मनाशी ठरवून बसलेल्याला तिसरा कधीच दिसत नाही, म्हणून वंशावळ नेहमी एक पिढी वर आणि एक शाखा बाजूला जाऊन काढावी.

घराण्याच्या मधल्या नावांची साखळी किती सरळ बोलू शकते, याचे चांगले उदाहरण पुसदच्या नाईकांचे आहे. वसंतराव फुलसिंग, सुधाकरराव राजूसिंग, मनोहर राजूसिंग, इंद्रनील मनोहर. सुधाकरराव आणि मनोहर हे भाऊ, इंद्रनील मनोहररावांचे चिरंजीव, आणि वसंतराव हे सुधाकररावांचे काका. पूर्ण नावे असतील तर कोणालाही विचारावे लागत नाही. पण लोकसभेच्या यादीत फक्त ‘नाईक, वाशिम’ असे पाहिले, तर १९७७ चे वसंतराव आणि १९९८ चे सुधाकरराव एकच वाटू शकतात, त्यातून दोघेही माजी मुख्यमंत्री! मधले नाव गाळण्याची सवय वर्तमानपत्रांची आहे. ती चरित्रलेखकाने उचलू नये.

स्त्रियांच्या नोंदी मधल्या नावाच्या भरवशावर सोडल्या तर फार अन्याय होतो. अमरावती लोकसभा मतदारसंघाचे उदाहरण घ्यावे. १९५२ पासून डॉ. पंजाबराव देशमुख तेथून निवडून येत होते. १९६५ मध्ये त्यांच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी विमलाबाई निवडून आल्या, आणि १९६७ व १९७१ मध्ये के. जी. देशमुख. आडनावांची यादी पाहिली तर १९५२ पासून १९७७ पर्यंत अमरावतीला एकच देशमुख होते असे वाटेल. प्रत्यक्षात ती तीन माणसे आहेत. विमलाबाई माहेरच्या वैद्य. त्यांच्या शिक्षणाचा आणि विवाहापूर्वीच्या आयुष्याचा माग काढायचा असेल तर देशमुख या नावाखाली काहीच मिळणार नाही. गावपातळीवर तर सरपंचांच्या फलकावर ‘सौ.’ लिहून पुढे पतीचे नाव येते, आणि एका घरातील दोन जावा लागोपाठ सरपंच झाल्या असतील तर आडनाव तेच आणि पतींची नावे सारखी भासणारी, अशा दोन ओळी उरतात. स्त्रीची नोंद करताना माहेरचे नाव, माहेरचे गाव आणि लग्नाचे वर्ष या तीन गोष्टी विचारून घेतल्याच पाहिजेत. सरकारी कागदांत आईचे नावही लिहावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला. आजोबा-नातवाची संपूर्ण नावे सारखी होण्याचा प्रकार त्यामुळे पुढील पिढीत बराच कमी होईल.

जुन्या माणसांची साक्ष घेताना ‘कोणत्या साली’ असे विचारून उपयोग होत नाही. साल कोणाच्या लक्षात राहत नाही, खूण राहते. काँग्रेसचा उमेदवार असेल तर निशाणी विचारावी. बैलजोडी सांगितली तर १९५२ ते १९६७ मधील निवडणूक, गाय-वासरू सांगितले तर १९७० च्या दशकातील, हात सांगितला तर १९७८ किंवा त्यानंतरची. ‘आबाजी बैलजोडीवर उभे होते आणि भाऊसाहेब हातावर’ हे एक वाक्य दोन पिढ्या वेगळ्या करते. त्याचप्रमाणे १९७२ च्या दुष्काळाआधी की नंतर, नागपूर जिल्ह्यातील मोवाडचा १९९१ चा पूर आला तेव्हा ते होते का, असे विचारावे. सांगणारा कोणत्या घरचा, कोणत्या गटाचा, हेही टिपून ठेवावे. घरच्या माणसाला आजोबांचे कर्तृत्व वाढवून सांगण्याचा मोह असतो आणि विरोधी गटाला ते नातवाच्या पदरात न टाकण्याचा.

२००३ नंतरच्या निवडणुकांसाठी काम सोपे झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे उमेदवाराला शपथपत्र द्यावे लागते आणि त्यात वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, पत्ता आणि मतदार यादीतील अनुक्रमांक येतो. त्याआधीच्या आमदारांसाठी दोन साधने फार मोलाची आहेत. एक म्हणजे विधिमंडळाने आणि लोकसभा सचिवालयाने छापलेले सदस्यांचे परिचय, आणि दुसरे म्हणजे सभागृहातील शोकप्रस्ताव. माजी सदस्य वारला की सभागृहात त्याच्याविषयी निवेदन होते आणि त्यात जन्म, शिक्षण व सदस्यत्वाची वर्षे एकत्र येतात. ज्या वर्षी शोकप्रस्ताव झाला त्यानंतरची त्या नावाची प्रत्येक घटना दुसऱ्या माणसाची, एवढे तरी त्यावरून पक्के होते.

समान नावांची अडचण निवडणूक यंत्रणेलाही येतेच. निवडणूक संचालन नियमांत असे सांगितले आहे की दोन उमेदवारांचे नाव सारखे असल्यास व्यवसाय, राहण्याचे ठिकाण किंवा अन्य रीतीने त्यांच्यात भेद करावा. २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्रही येते. चरित्रनोंदीचा मथळा करताना हाच मार्ग घ्यावा. ‘थोरले’ आणि ‘धाकटे’ असे लिहिणे घरात चालते, पण तिसरा सापडला की ते मोडते. पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि ती न मिळाल्यास गाव व सर्वांत पक्के पद, असा मथळा टिकतो : गणपत नारायण, जनपद सभेचे सदस्य, मृत्यू १९५८. गणपत नारायण, १९६२ चे उमेदवार, विठ्ठल यांची शाखा. प्रत्येक नोंदीत दुसऱ्या नोंदीचा उल्लेख करून ‘हे ते नव्हेत’ असे स्पष्ट लिहावे, कारण पुढचा वाचक शोधत येईल तो नावावरूनच येईल. मराठी विकिपीडियावरील निःसंदिग्धीकरणाची पाने हेच काम करतात.

आधीच मिसळून छापलेले चरित्र हाती आले, तर ते फेकून देऊ नये आणि घाईने दुरुस्तही करू नये. त्यातील एकेक वाक्य वेगळे करून त्याची चिठ्ठी करावी आणि ती इतर चिठ्ठ्यांत लावावी. अशा चरित्रात साधारणपणे जन्मतारीख एकाची असते, स्वातंत्र्य चळवळीतील कारावास दुसऱ्याचा असतो आणि छायाचित्र जो अलीकडे वारला त्याचे असते, कारण तेच घरी टिकलेले असते. हे वेगळे करताना नेहमी जुन्या माणसाचे नुकसान झालेले दिसते. नातू आमदार होतो, त्याच्या नावाची शाळा होते, आणि ज्याने जनपद सभेत भांडून गावात पहिली विहीर आणली तो आजोबा नातवाच्या चरित्राचे पहिले दोन परिच्छेद बनून राहतो. मला या कामात सर्वाधिक जीव लावावासा वाटतो तो या आजोबांसाठी.

काही चिठ्ठ्या शेवटपर्यंत कोणाच्याच खात्यात जात नाहीत. सोसायटीच्या १९५६ च्या ठरावावर सूचक म्हणून ‘ग. ना.’ एवढेच असते आणि तेव्हा त्या अक्षरांची दोन प्रौढ माणसे गावात हयात असतात. अशी चिठ्ठी अधिक प्रसिद्ध माणसाच्या खात्यात टाकण्याचा मोह होतो, पण ती दोघांच्याही नोंदीत, ‘या दोघांपैकी कोण ते ठरलेले नाही’ या शब्दांसह ठेवावी, आणि ठराव कोणत्या दप्तरात, कोणत्या पानावर आहे ते शेजारी लिहावे. उद्या त्या सोसायटीचे हजेरीपत्रक कोणाच्या माळ्यावर सापडले आणि त्यावर सही दिसली, तर कोणत्या सहीशी ती ताडून पाहायची हे तेव्हाच्या माणसाला लगेच कळेल.